चिठ्ठीचे दार



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होते त्यांना तुम्ही सारे नुसते ‘सर’ म्हणत होता. मीही तसेच म्हणतो. आमचा परिचय एका पाठ्यपुस्तकाच्या बैठकीत झाला आणि पुढे तो पत्रांतून वाढला. निमंत्रण पाठवताना मी संतवाङ्मयावर, निदान शुद्धलेखनावर तरी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. आजाऱ्याने तज्ज्ञ डॉक्टराकडे थेट जावे, की आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टराकडे जाऊन त्याची चिठ्ठी घेऊनच जावे, हा विषय मी कळवला तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले असेल. वैद्यकशास्त्राचा मी अधिकारी नव्हे. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. तो मला ह्याच शाळेच्या पटांगणात मिळाला.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात जेवणाची पंगत बसली होती. इथल्याच एका कारखान्यात काम करणारे एक माजी विद्यार्थी तक्रारीच्या सुरात म्हणाले, “छातीच्या डॉक्टराकडे जायचे तर आधी दवाखान्याची चिठ्ठी आणा. चिठ्ठीसाठी एक दिवस, सुरतेला जाण्यासाठी दुसरा, तपासणीच्या कागदांसाठी तिसरा. तीन दिवसांची हजेरी बुडाली आणि अजून औषध सुरू नाही.” त्यांच्या शेजारी बसलेल्या, उधन्याला कापडाचे दुकान असलेल्या गृहस्थांनी लगेच उत्तर दिले, “मला कुणाची चिठ्ठी लागत नाही, म्हणून दोन वर्षांत पाच डॉक्टर झाले. गुडघा आहे तिथेच आहे.” श्रीखंड येईपर्यंत पंगतीत दोन तट पडले. तिसरे एक गृहस्थ मात्र काही न बोलता जेवत होते. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

माझा व्यवसाय शब्दांचा, म्हणून आरंभ शब्दांपासून करतो. खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्या माणसांच्या बोलण्यात विशेषज्ञाला ‘मोठा डॉक्टर’ म्हणतात. एकाला मोठा म्हटले की दुसरा आपोआप लहान होतो. ‘प्राथमिक’ ह्या शब्दाची गतही तीच. प्राथमिक म्हणजे पहिले, ज्यावर बाकीचे उभे राहते ते. परंतु लोकांच्या कानाला त्यात ‘खालचे’ असे काही ऐकू येते. प्राथमिक शिक्षकांना ह्याचा अनुभव आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनाही असावा. ‘तज्ज्ञ’ ह्या शब्दाची फोड तत् आणि ज्ञ अशी आहे: ‘ते’ जाणणारा. हृदय जाणणारा, कान जाणणारा, मूत्रपिंड जाणणारा. ह्या रुग्णाला, ह्या घरातल्या ह्या माणसाला जाणणारा कोण, ह्यासाठी मात्र भाषेत स्वतंत्र शब्द घडलेला नाही. ‘फॅमिली डॉक्टर’ हा इंग्रजी शब्द आपण उचलला आणि आता तो डॉक्टरही दिसेनासा होत चालला आहे.

चिठ्ठी आली कुठून, हे थोडक्यात सांगतो. १९११ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. त्यातील डॉक्टरांच्या यादीला ‘पॅनेल’ म्हणत, आणि मुंबईच्या गिरणी कामगाराच्या तोंडी ‘पॅनेल डॉक्टर’ आला तो ह्याच वाटेने. आपल्याकडे प्रा. बी. पी. अदारकर ह्यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, १९४८ साली कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ईएसआय म्हणजे कामगार विमा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती १९५४ साली आली. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार आज तिच्या कक्षेत येतो. वेतनाचे पाऊण टक्का तो भरतो, सव्वातीन टक्के मालक भरतो. क्रम ठरलेला: आधी दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर, मग रुग्णालय, मग त्याहून वरचे रुग्णालय. तातडीचा प्रसंग तेवढा वेगळा.

आणखी एक नाव इथे घेतलेच पाहिजे. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने १९४६ साली साऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यांच्या दीर्घ पल्ल्याच्या योजनेत दहा ते वीस हजार वस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे एक प्राथमिक केंद्र होते. त्यावर साडेसहाशे खाटांचे, त्यावर जिल्ह्याचे अडीच हजार खाटांचे रुग्णालय. रुग्णाने पायरी-पायरीने वर जावे ही कल्पना इतक्या भक्कम पहिल्या पायरीवर उभी होती. आज सपाटीच्या प्रदेशात तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे आणि त्यात खाटा असतात चार ते सहा. खालची पायरी अर्धवट राहिली. वर चिठ्ठी विचारणारा माणूस मात्र वेळेवर येऊन बसला. आपल्या पंगतीतील पहिल्या गृहस्थांचा राग इथून येतो आणि तो मला रास्त वाटतो.

आता हजीऱ्याकडे पाहा. हा पट्टा म्हणजे खत, पोलाद, वायू, जहाजबांधणी. कारखान्याच्या वसाहतीतील कायम कर्मचाऱ्याला कंपनीचा दवाखाना आणि तिथली चिठ्ठी. मोऱ्याच्या खोल्यांत दाटीने राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला, त्याचे नाव रीतसर नोंदले असेल तर, ईएसआयची चिठ्ठी. आणि ज्याचे नाव कुठेच नाही त्याला चिठ्ठीची अट नाही, म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य! ताप आला की औषधाच्या दुकानात, बरे वाटले नाही की वीस-पंचवीस किलोमीटरवर सुरतेत मजुरा गेटला नवी सिव्हिल. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान योजनेचे कार्ड त्याच्या खिशात असले तरी ते रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडते. साध्या तपासणीचा खर्च त्यातून मिळत नाही. त्याने आधी अंथरूण धरावे, मग व्यवस्था त्याला ओळखणार. ह्या तिघांपैकी सर्वांत स्वतंत्र रुग्ण हाच सर्वांत निराधार आहे, हे थेट जाण्याच्या हक्काचा पुरस्कार करणाऱ्या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

(जाता जाता एक गंमत. शेजारच्या सुवालीच्या किनाऱ्यावर सतराव्या शतकात इंग्रजांची जहाजे नांगर टाकत. त्यांतील एका जहाजावरचा शल्यचिकित्सक गॅब्रिएल बाउटन ह्याला १६४५ साली सुरतेहून आग्र्याला पाठवण्यात आले. भाजलेल्या जहांआराला त्याने बरे केले आणि बक्षीस म्हणून बंगालच्या व्यापाराची सवलत मिळवली, अशी आख्यायिका आहे. तारखा जुळत नाहीत. शाहजादी भाजली ती १६४४ साली, बाउटन पोचण्यापूर्वी. परंतु मोठ्या डॉक्टराची कीर्ती तारखांची वाट पाहत नाही, हे तेव्हाही खरे होते.)

ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या घरात घडल्या आहेत. एरवी त्या सांगितल्या नसत्या.

माझा धाकटा भाऊ एका कापड गिरणीत होता. शहर आणि गिरणी कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. भजनात त्याचा आवाज सर्वांच्या वर जाई. एका पावसाळ्यात तो आवाज बसला. गिरणीच्या दवाखान्यात त्याला खोकल्याचे औषध मिळाले, तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, मग गुळण्या. घशाच्या डॉक्टराकडे चिठ्ठी द्या म्हटले, तर ‘एवढ्या-तेवढ्यासाठी चिठ्ठ्या दिल्या तर दवाखाना कशाला?’ असे उत्तर आले. चार महिन्यांनी चिठ्ठी मिळाली. स्वरयंत्राचा कर्करोग होता. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसून राहिला तर स्वरयंत्र तपासून घ्यावे, हे आज कोणीही डॉक्टर सांगेल. शस्त्रक्रिया झाली, भाऊ वाचला, आवाज गेला. पुढची अकरा वर्षे तो पाटीवर लिहून बोलला. घरातल्या लहान मुलांनी वाचायला शिकावे ते काकाशी बोलता यावे म्हणून, अशी आमच्याकडे अवस्था होती.

पुष्कळ वर्षे मी चिठ्ठीच्या पद्धतीला मनातून शिव्या देत होतो. नंतर पत्नीला चक्कर येऊ लागली. आता आमच्यापाशी निवृत्तिवेतन होते, शहर मोठे होते, अडवणारे कोणी नव्हते. हृदयाचे डॉक्टर झाले, कानाचे झाले, मेंदूचे झाले, पोटाचे झाले. प्रत्येकाने आपल्या परीने नीट तपासले. मी कुणालाही दोष देत नाही. सहा महिन्यांत गोळ्यांची संख्या अकरावर गेली आणि चक्कर वाढली. शेवटी आमच्या गल्लीतील जुने डॉक्टर घरी आले. पत्नीची दोन्ही बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली झाली होती. त्यांनी सारे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले आणि चष्मा कपाळावर चढवून अर्धा तास वाचले. रक्तदाबाचे एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांकडून चालू होते. त्यातले एक बंद झाले. पंधरा दिवसांत चक्कर थांबली.

भावाच्या वेळी चिठ्ठी आडवी आली आणि पत्नीच्या वेळी चिठ्ठी नसल्याने घोळ झाला, असे ह्या दोन गोष्टींचे वजन मी कित्येक वर्षे करत होतो आणि तराजू कुठेच झुकत नव्हता. मग एके दिवशी भावाचे जुने कागद चाळताना लक्षात आले, की त्या चार महिन्यांत गिरणीच्या दवाखान्यात तीन डॉक्टर बदलले होते. तिघांच्या तीन सह्या होत्या. प्रत्येकाच्या दृष्टीने त्याचा आवाज नुकताच बसलेला होता! चार महिने तो बसलेला आहे हे एकाच कानाने कधी ऐकलेच नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी पत्नीला तीस वर्षे पाहिले होते. चिठ्ठी असावी की नसावी, हा वादच मी चुकीच्या जागी घालत होतो. चिठ्ठी लिहिणारा माणूस तोच राहतो की नाही, हे आधी विचारायला हवे होते.

ह्याला माझ्या घराबाहेरचाही आधार आहे. नॉर्वेत २००१ सालापासून प्रत्येक नागरिकाला त्याच्या नावे नेमलेला एक डॉक्टर असतो आणि तज्ज्ञाकडे जायचे ते त्याच्या पत्राने. सुमारे पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदी तपासून तिथे २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जे एकाच डॉक्टराकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ होते, त्यांच्यात मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण, वर्षभरापूर्वीच डॉक्टर बदललेल्यांच्या तुलनेत, सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळले. असा परिणाम एखाद्या गोळीने झाला असता तर तिची जाहिरात चौकाचौकांत लागली असती.

आपल्याकडेही हे जमले आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला गेले. त्यांनी गावकऱ्यांकडून गावातल्याच बाया निवडून घेतल्या. पुष्कळशा दलित, पुष्कळशा निरक्षर. त्यांना शिकवले. गरोदर बाईचे पोट पाहून कोणते बाळंतपण गावात होईल आणि कोणते जामखेडच्या रुग्णालयात न्यावे लागेल, हे त्या ठरवू लागल्या. त्यांना चिठ्ठी लिहिता येत नव्हती; त्या स्वतः रुग्णाबरोबर जात. त्यांचे सोबत जाणे हीच चिठ्ठी. गावाने त्या बाईवर विश्वास ठेवला, कारण ती उद्याही त्याच गल्लीत राहणार होती. सुरतेने ह्याचे उलटे रूप सप्टेंबर १९९४ मध्ये पाहिले आहे. प्लेगच्या बातमीने लाखो लोक शहर सोडून निघाले, त्यांत मोठ्या संख्येने खासगी डॉक्टरही होते. दवाखान्यांना कुलपे लागली आणि सारा भार सिव्हिलवर पडला; तिथले डॉक्टर आणि परिचारिका जागेवर राहिल्या हे सुरतेने विसरू नये. तुमच्यापैकी कित्येकांना ते दिवस आठवत असतील. साधा ताप कोणता आणि तो ताप कोणता, हे सांगणारे जवळचे माणूसच नव्हते.

आता एका अप्रिय गोष्टीकडे. मराठीत ‘कट’ म्हणजे कारस्थान. इंग्रजी ‘कट’ म्हणजे वाटा. वैद्यकीय व्यवहारात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. रुग्ण पाठवल्याबद्दल पाठवणाऱ्याला टक्केवारी, ह्यालाच कट प्रॅक्टिस म्हणतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेने असे देणे-घेणे निषिद्ध ठरवले. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने त्यासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदाही करून घेतला. तो मसुदाच राहिला. प्रामाणिक डॉक्टर पुष्कळ आहेत आणि ह्या प्रथेविरुद्ध सर्वांत पोटतिडकीने तेच बोलतात. तरीही जिथे चिठ्ठीला बाजारात भाव आहे तिथे ती सक्तीची करणे म्हणजे तो भाव वाढवणे होय. विमा योजनेत उलटा धोका असतो. तिथे चिठ्ठी न देण्यात बचत असते. पाठवण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्या हाती दाराची किल्ली देऊ नये आणि न पाठवण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्याही हाती देऊ नये.

मग मी कोणत्या तटाचा? पंगतीत मला हे विचारले गेले तेव्हा मी उत्तर टाळले होते. आज टाळत नाही. मी चिठ्ठीच्या बाजूचा आहे. परंतु चिठ्ठीची अट घालण्याचा अधिकार व्यवस्थेने आधी कमावला पाहिजे. कामगाराला त्याच्या नावे नेमलेला, पाळीच्या वेळा सांभाळून उघडा असणारा, घराजवळचा एक डॉक्टर द्या आणि तो वर्षानुवर्षे बदलू नका. एवढे दिल्यावर खुशाल सांगा, की बाबा रे, आधी ह्यांना भेट. तोवर अट घालणे म्हणजे शाळा न बांधता दाखला मागणे. आणि चिठ्ठी नाकारायची असेल तर नाकारण्याचीही चिठ्ठी द्या: कारण काय, किती दिवस वाट पाहायची, तोवर फरक पडला नाही तर काय करायचे, खाली सही. माझ्या भावाच्या हातात असा एक कागद असता, तर दुसऱ्या डॉक्टरांनी तो वाचला असता.

काही दारे नेहमीच उघडी असावीत. अपघात, हृदयविकाराचा झटका, बाळंतपण ह्यांत वादच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ सालापासून चालत असलेल्या आरोग्य योजनेने वयोवृद्धांना तज्ज्ञाकडे थेट जाण्याची मुभा दिली. आधी ती पंचाहत्तरीपुढे होती, २०२४ साली सत्तरीवर आणली. मी त्या वयाचा असल्याने मला आनंद व्हायला हवा, परंतु माझ्या पत्नीचे अकरा गोळ्यांचे ताट आठवते आणि वाटते, की म्हाताऱ्या माणसालाच एका ओळखीच्या डॉक्टराची गरज अधिक. चालवत नाही म्हणून फेरा वाचवणे वेगळे आणि त्याचे सगळे कागद एकत्र पाहणारा माणूस काढून घेणे वेगळे. फ्रान्सने २००४च्या कायद्याने मधला मार्ग काढला. प्रत्येकाने आपला एक डॉक्टर नोंदवावा. त्याला टाळून तज्ज्ञाकडे जाण्यास बंदी नाही, पण मग विम्याची परतफेड कमी. डोळ्यांच्या आणि स्त्रियांच्या डॉक्टराकडे मात्र सरळ जाता येते. पैसेवाल्याला ही तूट परवडते आणि गरिबाला नाही, एवढा दोष त्यातही आहेच.

“माझा आजार, माझे पैसे, मी कुठे जावे हे दुसरा कोण ठरवणार?” हे दुकानदार मित्रांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही. माणसाच्या शरीरावर त्याचाच अधिकार. परंतु गुडघ्यासाठी पाच डॉक्टर करताना त्यांनी नक्की काय ठरवले? कुणी जाहिरात पाहून सुचवले, कुणी साडूने. ठरवण्यासाठी जे माहीत असावे लागते ते त्यांना माहीत नव्हते आणि ते सांगणारा कोणी त्यांनी ठेवला नव्हता. चांगला पहिला डॉक्टर त्यांचे स्वातंत्र्य कमी करीत नाही, ते वापरायला मदत करतो.

दार उघडणारी चिठ्ठी गुजरातमध्ये रोज शाळांतून निघते, हे इथल्या शिक्षकांना ठाऊक आहे. शालेय आरोग्य तपासणीत मुलाच्या हृदयात दोष आढळला तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या संदर्भपत्रावर अहमदाबादच्या यू. एन. मेहता हृदयरोग संस्थेत त्याच्यावर विनामूल्य उपचार होतात. ज्या बापाने अहमदाबादला जाण्याचा विचारही केला नसता, त्याचे मूल त्या कागदाने तिथवर पोचते. ह्या साखळीतला पहिला माणूस पुष्कळदा डॉक्टर नसतोच. हे मूल धावताना मध्येच बसते, हे वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलेले असते.

आता पंगतीतील तिसऱ्या गृहस्थांविषयी. जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले आणि पाकिटातून घडीवर फाटत आलेला एक कागद काढून दाखवला. ते इयत्ता दुसरीत असताना सरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना लिहिलेली ती चिठ्ठी होती. त्यांच्या परवानगीने वाचतो.

“सादर नमस्कार. हा मुलगा फळ्यावरील अक्षरे मान डावीकडे वाकवून वाचतो. शेजारच्या वहीत पाहून लिहितो म्हणून एकदा मी त्यास रागावलो, ती माझी चूक. दोन महिने लक्ष ठेवून आहे. वडील रात्रपाळीस असतात, आई लिहिणे-वाचणे जाणत नाही. चष्मा लागल्यास खर्च मजकडून घ्यावा, घरी बोलू नये. तपासून दोन ओळी उत्तर द्यावे.”

मागच्या बाजूस दुसऱ्या शाईत डॉक्टरांचे उत्तर आहे: “एक डोळा आळशी झाला आहे. वेळेत आला. चांगला डोळा रोज दोन तास झाकावा. शाळेत झाकलात तर बरे, घरी होणार नाही. चष्मा दिला. तीन महिन्यांनी पुन्हा पाठवावे.”

त्याखाली सरांच्या अक्षरात तीन तारखा आहेत, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. प्रत्येकीपुढे ‘पाठवला’ असे लिहून बरोबरची खूण केली आहे.